नाकाचा नवस

ल्याव जिन-थांगचं नाक मोकळं झालं तर कोणाचं काय भलं होणार, याचा हिशेब आमच्या गल्लीने त्याच्या ऑपरेशनच्या आधीच मांडून ठेवला होता. बायकोला, म्हणजे यू-शियाला, शांत झोप मिळणार होती. तो तोंड उघडं टाकून झोपायचा आणि घोरणं असं की भिंतीपलीकडचे सू काका कूस बदलायचे. माझे कागदी रुमाल वाचणार होते. गल्लीच्या तोंडाशी माझं नाश्त्याचं दुकान आहे, सोयाचं गरम दूध, भाताचे मुटके आणि तळलेल्या पिठाच्या कांड्या. जिन-थांग रोज सकाळी एक वाटी दूध प्यायचा आणि अर्धा गठ्ठा रुमाल शिंकरून संपवायचा. खुद्द त्याला मात्र झोप नको होती, रुमाल नको होते. त्याला बुरशीची खोली हवी होती.

आमचं अर्धं गाव सोया सॉसवर जगतं. काळे सोयाबीन वाफवायचे, बांबूच्या गोल सुपांत पसरायचे, बंद खोलीत त्यांच्यावर बुरशी चढू द्यायची, मग धुऊन, मीठ लावून रांजणात भरायचे आणि रांजण महिनोन्महिने उन्हात ठेवायचे. मिठाचं काम कोणीही करील, उन्हाचं तर ऊनच करतं. सगळा खेळ त्या बंद खोलीतला. बुरशी नीट चढत असेल तर आत उकडलेल्या शिंगाड्याचा वास येतो. बिघडायला लागली तर त्या वासाला कुठूनतरी एक उग्र टोक फुटतं. ते टोक ज्याला कळलं त्याने खिडक्या उघडायच्या, सुपं उलथायची. ज्याला कळलं नाही त्याने सगळा माल शेतात नेऊन पुरायचा.

ल्यावांच्या घरात त्या खोलीची किल्ली थोरल्याकडे असते, आणि थोरला म्हणजे जिन-थांग. पण त्याचं नाक गेली काही वर्षं भरत भरत बंदच झालं होतं. कपाळ जड, गालांच्या आत ठणका, घशात सतत काहीतरी उतरतंय, आणि वास शून्य. त्याने हे घरात कोणाला सांगितलं नाही. बोटांनी बुरशी चाचपून दिवस ढकलत होता. मग एका उन्हाळ्यात धाकटा भाऊ आ-लाय काहीतरी विचारायला खोलीत शिरला आणि डोळे पुसत बाहेर पळाला. आत जिन-थांग निवांतपणे सुपं हलवत म्हणत होता, "यंदा बुरशी काय सुंदर धरलीय बघ." खोलीला मुतारीची घाण मारत होती.

त्यानंतर घरात बैठक बसली. ठरलं असं की चांद्र नववर्षापर्यंत थोरल्याचं नाक सुधारलं तर ठीक, नाहीतर किल्ली आ-लायकडे. आ-लाय वाईट माणूस नाही. त्याला त्या खोलीत हवा मोजणारं यंत्र बसवायचं होतं, एवढंच.

"यंत्राला सर्दी होत नाही, दादा," तो म्हणाला.

"यंत्राला जीभ पण नसते," जिन-थांग म्हणाला. "मग जेवायलाही यंत्रालाच बसव."

तर असा तो शहरातल्या इस्पितळात गेला. तिथल्या नाकाच्या डॉक्टर, ज्येनबाई, तरुण होत्या आणि घाईत होत्या. त्यांनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं की आत दोन्ही बाजूंना मऊ मांसाचे घड वाढलेत, द्राक्षांसारखे. कापून काढावे लागतील. त्यातला एक तुकडा अभ्यासासाठी ठेवला तर चालेल का, असंही विचारलं.

"एकच कशाला," जिन-थांग म्हणाला, "सगळे ठेवा. मी काय लोणचं घालणार आहे?"

"घरात काय काय जळतं?" डॉक्टरांनी कागद पुढे ओढला.

"काही नाही," जिन-थांग म्हणाला.

"काहीच नाही," यू-शियाने दुजोरा दिला.

इथे मला मध्ये पडायला हवं. ल्यावांच्या घरी पूर्वजांपुढे सकाळ-संध्याकाळ उदबत्त्या लागतात. धंद्याचं घर, त्यामुळे दर पंधरवड्याला दारात पत्र्याच्या पिंपात देवांचे पैसे म्हणून सोनेरी कागदांच्या गड्ड्या जाळतात. पलंगाखाली डास पळवायला जळणारं वेटोळं. कारखान्यात सोयाबीन वाफवायला लाकडाची भट्टी. आणि हे सगळं डोळ्यांसमोर असताना दोघंही जराही खोटं बोलत नव्हते. देवापुढे जळतं ते आमच्याकडे जळण्यात धरतच नाहीत. ते देणं असतं. धूर म्हणजे दुसऱ्याच्या घरातून येतो तो.

ऑपरेशन झालं. काही आठवड्यांनी डॉक्टर ज्येननी दोघांना बोलावून पडद्यावर एक चित्र दाखवलं. करड्या पेशी, आणि त्यांच्यात काळे ठिपके.

"काळे तीळ," यू-शिया म्हणाली.

"एका तिळात असे किती मावतील ते मोजायला बसलात तर जन्म पुरणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हे नॅनोकण. हवेतून येतात, इतके बारीक की नाकातले केस त्यांना अडवत नाहीत. सरळ अस्तरात जाऊन रुततात. यात काजळी आहे, लोखंड आहे, आणखी एकदोन धातू आहेत."

"माझ्या नाकात लोखंड?"

"तुमच्याच. दुसऱ्याचं कशाला दाखवीन?"

"मग यांनीच नाक बंद पडलं?"

"तसं मी म्हणत नाही. आधी सूज आणि मग कण, की आधी कण आणि मग सूज, हे आम्ही अजून शोधतोय. पण सुजलेल्या जागी रोज राख फुंकत राहिलात तर सूज उतरणार नाही, एवढं सांगायला मला सूक्ष्मदर्शक लागत नाही."

"पण आले कुठून?"

"कणावर पत्ता लिहिलेला नसतो," डॉक्टर म्हणाल्या. "धूर टाळा. सगळा. मिठाच्या पाण्याने नाक धुवा. औषधाचा फवारा रोज. आणि धूर म्हणजे उदबत्तीचाही."

शेवटचं वाक्य दोघांनी ऐकलं, पण ते गल्लीत पोचलं नाही. गल्लीत पोचलं ते लोखंड. दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात त्याचा मालक शोधायचं काम सुरू झालं.

"लोखंड म्हणजे वेल्डरचं," सू काका म्हणाले. सू काका आमच्या गल्लीतले सगळ्यांत वडील, आणि देवधर्माचं सगळं त्यांच्याकडे.

"माझं लोखंड जड असतं," बाकावर बसलेला गल्लीतला वेल्डर तोंडात मुटका धरूनच म्हणाला. "खाली पडतं. उडतं ते स्कूटरच्या ब्रेकचं. तुम्ही गल्लीत येताना कसे करकचून ब्रेक लावता, काका, सगळ्यांना ऐकू येतं."

"समुद्राकडून येतं ते," आ-लाय म्हणाला. "तिथल्या धुराड्यांतून."

"समुद्राच्याही पलीकडून," सू काका म्हणाले. "हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की बघ."

"आणि हिच्या तेलाचा धूर?" वेल्डरने माझ्याकडे हनुवटी केली.

मी म्हटलं, "माझ्या तेलात लोखंड निघालं तर तेवढं तुला फुकट."

बसलेल्या सगळ्यांच्या घरी सकाळीच उदबत्त्या लागल्या होत्या. दोघातिघांच्या शर्टाला अजून वास होता. त्याचं नाव कोणी काढलं नाही. मीही नाही. माझ्या कढईशेजारी चूलदेव आहे, त्यालाही रोज तीन काड्या लागतात.

यू-शियाने मात्र डॉक्टरचं म्हणणं असं मनावर घेतलं की आम्हा सगळ्यांच्या नाकात दम आला. डासांचं वेटोळं गेलं. पूर्वजांना तिने मागच्या अंगणात नेऊन एकेका काडीवर आणलं. गल्लीच्या तोंडाशी उभी राहून स्कूटरवाल्यांना इंजिन बंद करून गाडी ढकलत न्यायला लावू लागली. मग माझ्या दुकानात आली आणि म्हणाली, "तुझा पंखा तिकडे फिरव. तेलाचा धूर आमच्या मालकांच्या नाकात जातो."

"तुझे मालक माझ्या कढईपासून हातभर लांब बसून दूध पितात. तेव्हा धूर कोणाच्या नाकात जातो?"

"म्हणून तर उद्यापासून दूध घरी पाठव."

नवऱ्याचे हाल तर विचारू नका. सकाळ-संध्याकाळ बेसिनपाशी मान वाकडी करून उभा, एका नाकपुडीत मिठाचं पाणी, आणि यू-शिया पाठीमागे. "अजून. अजून ओता. दुसऱ्या बाजूने बाहेर आलं पाहिजे." "मी माणूस आहे की रांजण?" "रांजण असतात तर एवढी कटकट केली नसती." ही बाई आयुष्यात कोणाचं ऐकायची नाही, सासूचं नाही, नवऱ्याचं तर नाहीच. डॉक्टरचं इतकं कशी ऐकतेय, याचं मला नवल वाटायचं. तेव्हाच विचारायला हवं होतं.

पण गुण आला. हिवाळा सुरू होता. जिन-थांग बऱ्याच दिवसांनी दुकानात आला, बसला, वाटी उचलली आणि खाली ठेवली.

"फ्रिजमागे काहीतरी मेलंय," तो म्हणाला.

"सकाळी सकाळी चांगलं बोलावं माणसाने."

"मेलंय. छोटंसं आहे, पण आहे."

गिऱ्हाइकं बघत होती, म्हणून फ्रिज सरकवावा लागला. वाळलेली पाल निघाली. मी इतकी चिडले होते की त्याचे डोळे भरून आलेत हे मला दुसऱ्यांदा बघितल्यावर कळलं.

नववर्षाच्या आधी खोलीत नवा माल लागला. आ-लायने उसनं आणलेलं यंत्र कोपऱ्यात ठेवलं आणि दोघं भाऊ दाराशी स्टुलांवर बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी जिन-थांग उठला, मागच्या रांगेतल्या एका सुपापाशी गेला, वाकला आणि म्हणाला, "खिडकी उघड. ही रांग तापतेय." थोड्या वेळाने यंत्रानेही तेच सांगितलं, फक्त उशिरा, आणि त्याला वीज लागली. आ-लायने हात झटकले. "ठेव बाबा तुझी किल्ली. यंत्र पण राहू दे, तुला बोलायला कोणीतरी हवंच."

इथवरचा हिशेब सगळा जमेचा. खर्चाची बाजू वसंतात उघडली.

आमच्या गल्लीची स्वतःची माझू आहे. हातभर उंचीची समुद्रदेवी, तोंड धुराने काळं झालेलं. तिला देऊळ नाही. दर वर्षी ती गल्लीतल्या एका घरी राहायला जाते, सोबत तिचं पितळी धुपाटणं, आणि ते वर्षभर विझू द्यायचं नाही. कोणाच्या घरी जायचं ते तिच्या वाढदिवशी कौल लावून ठरतं. लाकडाच्या दोन चंद्रकोरी जमिनीवर टाकायच्या. एक पालथी आणि एक उताणी पडली तर देवीचा होकार, दोन्ही उताण्या तर ती हसतेय, दोन्ही पालथ्या तर नकार. ज्याला सलग जास्त होकार मिळतात त्याच्या घरी ती जाते. यासाठी लोक वर्षानुवर्षं ताटकळतात. वेल्डर तर दर वर्षी नवा शर्ट शिवून येतो.

त्या वर्षी देवी सू काकांच्या घरी होती. वाढदिवसाच्या आठवडाभर आधी काका माझ्या दुकानात आले आणि जिन-थांगच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मग काय, दिवाणखाना रंगवायला घेतलास का?"

"कशाला?"

"कशाला म्हणजे? यंदा तू कौलाला उभा राहणार ना. यू-शियाने नवस बोललाय. माझ्यासमोर, माझ्या घरात."

जिन-थांगने वाटी ठेवली आणि घरी गेला. गल्ली अरुंद आहे आणि पंखा तिनेच पलीकडे फिरवायला लावल्यामुळे त्याचा आवाज मध्ये येत नव्हता. सगळं नीट ऐकू आलं.

"काय बोललीस तू देवीला?"

"ऑपरेशनच्या आदल्या दिवशी गेले होते. आधी म्हटलं, फळं वाहीन. देवी हसली. म्हटलं, तुझ्यापुढे बाहुल्यांचा खेळ लावीन. परत हसली. म्हटलं, मी वर्षभर मांस सोडीन. तर सरळ नाही म्हणाली. मग मी चिडले. म्हटलं, मग तुला हवंय तरी काय, आमच्या घरी येऊन राहायचंय का? तर होकार. तीनदा टाकला, तीनदा होकार."

"चिडून बोललेलं कोणी धरतं का?"

"देवी धरते."

"म्हणजे तिने नाक बरं केलं म्हणून तिला वर्षभर धूर द्यायचा. धुराने नाक गेलं की परत नवस बोलायचा. परत धूर. हे कोणी लावून दिलंय?"

"नवस मोडला तर नाक जाईल, मालक."

"फेडला तरी जाईल."

"मग फेडून जाऊ दे. निदान देवाचं देणं राहणार नाही."

यावर तो काय म्हणाला ते लिहिण्यासारखं नाही. ती धुरामागे इतकी का लागली होती ते मात्र मला तेव्हा कळलं, पुढे वर्षभराचा धूर येणार हे तिला आधीच ठाऊक होतं.

तरी त्याला एक आशा होती. देवी कोणाकडे जाणार ते कौलच ठरवतो, म्हणून नवस फक्त कौलाला उभं राहण्याइतकाच धरला जायचा. हरायला कोणाची बंदी नव्हती. वाढदिवसाला सू काकांच्या अंगणात सगळी गल्ली जमली. वेल्डरला चांगले होकार मिळाले आणि तो नव्या शर्टात फुलून उभा राहिला. मग जिन-थांग पुढे झाला आणि कोंबड्यांना दाणे टाकावेत तसे कौल भिरकावले.

होकार.

"मनापासून टाक," सू काका म्हणाले.

"मनापासूनच टाकतोय."

त्याने तोंड फिरवून टाकले. होकार. डाव्या हाताने टाकले. एक तुकडा गटाराच्या कडेपर्यंत घरंगळत गेला, सगळे मागे धावले, तर तो पालथा, आणि इकडचा उताणा. होकार. वेल्डरचा चेहरा उतरत गेला. पोरांनी मोठ्याने मोजायला सुरुवात केली होती, ती यू-शियाने डोळे वटारून थांबवली. शेवटी नकार आला तेव्हा वेल्डर कधीच मागे पडला होता.

"अभिनंदन," सू काका म्हणाले.

"अभिनंदन तिचं करा," जिन-थांगने देवीकडे हात केला. "आणि हिचं. दोघींनी मिळून केलंय. एकदा विजेच्या उदबत्तीचं विचारून बघा."

विचारलं. देवी हसली.

"आठवड्यातून एकदा?"

देवी परत हसली. तिच्याबरोबर निम्मी गल्ली.

"ठीक आहे," जिन-थांग म्हणाला. "ती येऊ दे घरी. मी घरात राहत नाही. तिला घर लखलाभ."

सगळे हसले. यू-शिया हसली नाही. तिने कौल उचलले, गुडघ्यांवर बसली आणि नेहमीच्या भाजी घ्यायच्या आवाजात म्हणाली, "आई माझू, मालक वर्षभर कारखान्यात राहतील, बुरशीच्या खोलीशेजारी. तुझं धुपाटणं मी सांभाळीन, घराची म्हणून मी. चालेल का?"

होकार. पुन्हा विचारलं. होकार. तिसऱ्यांदाही.

"असं आजवर कोणी केलं नाही," सू काका डोकं खाजवत म्हणाले.

"आजवर कोणाच्या नाकाच्या आतला फोटोही काढला नव्हता," ती म्हणाली.

जिन-थांगचा राग तिथेच जरा अडखळला. "अगं, पण धूर तुझ्या नाकात जाईल."

"माझ्या नाकाला काय करायचंय? मला काय सुपं हुंगायचीत?"

असं ते वर्ष सुरू झालं. कारखाना गावाबाहेर, नदीकडच्या शेतांत. जिन-थांग तिकडे सतरंजी घेऊन गेला. ल्यावांच्या दिवाणखान्यात देवी बसली आणि पाठोपाठ गल्ली आत शिरली. सकाळी तीन काड्या, संध्याकाळी तीन, धुपाटणं विझू नये म्हणून वर टांगलेलं, दिवसभर जळणारं उदबत्तीचं वेटोळं, प्रतिपदेला आणि पौर्णिमेला घराघरातून माणसं आपापल्या जुड्या घेऊन, आणि अंगणात पिंपातला कागद. दारं-खिडक्या तिने सताड उघड्या ठेवल्या, तरी छत दोनतीन महिन्यांत चहाच्या रंगाचं झालं.

रोज संध्याकाळी जिन-थांग स्कूटर गल्लीबाहेर बंद करून ढकलत आणायचा, वारा कुठून येतोय ते बघून खिडकीपासून लांब प्लास्टिकच्या स्टुलावर बसायचा, आणि ती खिडकीतून त्याचं जेवण बाहेर द्यायची.

"भात जास्त शिजलाय."

"मग यंत्राला सांगा करून द्यायला."

"तुला खोकला झालाय का?"

"तुम्हाला बघून होतो."

डॉक्टर ज्येनना हा बंदोबस्त कळला तेव्हा त्यांनी हातातली नळी खाली ठेवली, असं जिन-थांग सांगतो. "मी धूर टाळा म्हटलं," त्या म्हणाल्या, "धूर घरी ठेवून तुम्ही घर टाळलंत."

"देवीशी असंच ठरलंय."

"देवीने माझंही मत विचारायला हवं होतं एकदा." मग त्याच्या नाकात पाहून त्या नाइलाजाने म्हणाल्या, "नाक मात्र उत्तम आहे." आणि यू-शियाकडे वळल्या. "तुमचं?"

"मी ठणठणीत आहे," यू-शिया म्हणाली. ती तोंडाने श्वास घेत होती.

हे माझ्या लक्षात यायला हिवाळा उजाडला. त्या सकाळी फोनवर बोलता बोलता माझं दूध तळाला लागलं. साधं नाही, पार करपलं. वेल्डर दारातूनच परत गेला, एका बाईने वाटी माझ्यासमोर ओतून टाकली. दुसरं दूध चढवेपर्यंत यू-शिया आली. समोर राहिलेली वाटी तिने ओढून घेतली, प्यायली, आणि आणखी मागितली.

"आज साखर बरोबर पडलीय," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघत राहिले. "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"यू-शिया, हे दूध कुत्रा पिणार नाही."

तिने वाटीत पाहिलं. मग हळूच वास घ्यायचा प्रयत्न केला. नाकपुड्या हलल्या, बाकी काही नाही. "शरद पौर्णिमेच्या सुमारास गेलं," ती म्हणाली. "सर्दीच असेल. त्यांना सांगायचं नाही. किल्ली ठेवून परत येतील, धुपाटणं उचलून बाहेर ठेवतील, आणि माझं इतक्या महिन्यांचं सगळं वाया."

मी सांगितलं. त्याच दिवशी. तिला माझा इतका अनुभव असूनही तिने मला सांगितलं, हा तिचा दोष.

जिन-थांग संध्याकाळी आला तेव्हा स्टुलावर बसला नाही. सरळ दिवाणखान्यात शिरला, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, आणि खिशातून छोटी बाटली काढून तिच्या नाकाखाली धरली. आम्ही दोघीतिघी खिडकीशी होतो.

"नव्या मालातला पहिला," तो म्हणाला. "सांग कसा झालाय."

तिने मान वाकवली. "छान. खमंग आहे."

"व्हिनेगर आहे."

तिने बाटली बाजूला सारली. मग म्हणाली, "चिकट माणूस. खरा सॉस आणायचा होता."

"चल, आत्ता डॉक्टरकडे."

"देवीची मुदत वसंतात संपते. तोवर धुपाटणं सोडून मी कुठे जाणार?"

"मग मी सांभाळतो. तू जा कारखान्यात."

"ठरलंय ते मी सांभाळायचं. तुमच्यासाठी ठरलंय." तो खाली बसायला लागला तशी तिने त्याला दंडाला धरून उभं केलं. "उठा. बाहेर व्हा. दोघांची नाकं घालवायला मी नवस बोलले नव्हते. एकाच्या बदल्यात एक, एवढं पुष्कळ झालं."

"तुझ्या नाकाचं कुठे ठरलं होतं?"

"कोणाचं तरी जाणारच होतं, मालक. धूर काय हवेत विरतो असं तुम्हाला वाटलं?"

तो बाहेर आला. बराच वेळ खिडकीखाली उभा होता, वाऱ्याकडे न बघता. मग तिने आतून जेवण दिलं आणि त्याने ते खाल्लं, भाताबद्दल काही न बोलता.

वसंतात देवी वेल्डरच्या घरी गेली. त्याने कौल टाकताना घाम पुसला आणि जिंकल्यावर बायकोकडे बघून जरा विचारात पडला. जिन-थांग सतरंजी घेऊन परत आला आणि दुसऱ्याच दिवशी यू-शियाला शहरात घेऊन गेला. ज्येनबाईंनी तिच्याही नाकातले घड कापले, तिच्याही तुकड्याचं चित्र काढलं. काळे ठिपके तिथेही होते. आता नवऱ्यासारखाच वास परत येईल का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, काहींचा येतो, काहींचा येत नाही, आणि का ते मला अजून ठाऊक नाही. तिचा अजून आलेला नाही. जिन-थांगने तिच्यासाठी नवस बोलायची भाषा केली होती. तिने त्याला दारातच अडवलं आणि घरचे कौलाचे तुकडे कपाटात कुलूपबंद केले.

तेव्हा हिशेब असा. देवीला वर्षभराचा धूप मिळाला, एक दिवसही न चुकता. जिन-थांगला नाक मिळालं आणि खोली राहिली. आ-लायचं यंत्र कोपऱ्यात टिकलं. ज्येनबाईंच्या अभ्यासाला दोन तुकडे मिळाले, नवऱ्याचा आणि बायकोचा. लोखंड कोणाचं, ते अजून ठरलेलं नाही. वाद माझ्या दुकानात रोज होतो आणि उठताना जो तो घरी उदबत्ती लावायला जातो. भरलं ते एकट्या यू-शियाने. यंदाचा सॉस कित्येक वर्षांत झाला नव्हता इतका चांगला झालाय, आणि हे तिला आम्ही सांगतो.